डबा वाजतोय, मान्य!

मेटॅलिका या हेवी मेटल बँडचा २००३चा 'सेंट अँगर' हा अल्बम म्हणजे रिकामा डबा बडवल्याचा आवाज, असं वरच्या लेखात म्हटलंय आणि इथे प्रतिक्रियांत सगळ्यांनी माना डोलावल्यात. डब्याचं मान्य. ड्रमर लार्स उलरिकने स्नेअर ड्रमच्या (ज्यावर मुख्य ठोका पडतो त्या ड्रमच्या) खालच्या तारा सैल सोडल्या, त्यामुळे प्रत्येक ठोका टण्ण करत राहतो. हेडफोनवर तर दाढ ठणकते. पण तेवढ्यावरून अख्खा अल्बम मोडीत काढायचा?

अहो, बँड तेव्हा फुटायच्या बेतात होता. २००१मध्ये बास गिटार वाजवणारा जेसन न्यूस्टेड सोडून गेला, त्याच वर्षी गायक जेम्स हेटफील्ड व्यसनमुक्तीसाठी दाखल झाला, अल्बमवर बास शेवटी निर्माता बॉब रॉकने वाजवला. ती चिडचिड गुळगुळीत करून ऐकवली असती तर खोटी वाटली असती. यातलं 'सम काइंड ऑफ मॉन्स्टर' हे गाणं एकदा रात्री दिवे घालवून ऐका, मग बोलू.

माझी तक्रार वेगळीच आहे. कर्क हॅमेटसारखा गिटारवादक हाताशी असताना सव्वा तासात एकही सोलो (एकट्या गिटारचा तुकडा) नाही! पुरणपोळी वाढली आणि तुपाची वाटी आत ठेवून दिली, तसं झालं. शिवाय आठ-आठ मिनिटांची गाणी, दोन-दोन मिनिटं सहज कापता आली असती. त्यांच्याच जुन्या 'ब्लॅक अल्बम'शी तुलना मात्र नको, प्लीज. तेव्हाचा बँड वेगळाच होता.