‘कॉलम व्हील असेल तर डोळे झाकून घ्या’ हा सल्ला ऐकू नका

पुण्यातल्या जुन्या घड्याळांच्या शौकिनांमध्ये सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. जुन्या बाजारात कुणाला एखादा ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेलं घड्याळ) दिसला आणि त्यानं ग्रुपवर फोटो टाकला, की उत्तर म्हणून हाच मेसेज येतो. सारांश असा: कॉलम व्हील असलेलंच मशीन घ्या, कॅमवाला स्वस्तातला माल. बीट (मशीनचे ताशी ठोके) जास्त तर अचूकता जास्त, म्हणून झेनिथ कंपनीचं एल प्रिमेरो मशीन सर्वांत वर. मॉड्यूलवालं (मूळ मशीनवर क्रोनोग्राफचा वेगळा थर बसवलेलं) टाळा. जपानी दुय्यम. आणि शेवटी, चावी लागली, काटा पळाला, शून्यावर परत आला, की मशीन ओके.

नवीन मुलं हा मेसेज प्रमाण मानून महिन्या-दोन महिन्यांचा पगार घालवतात, म्हणून सविस्तर लिहितोय. पन्नास वर्षं जुन्या मशीनची किंमत ठरते ती त्याच्या आजच्या अवस्थेवर आणि सुटे भाग मिळतात की नाही यावर. मेसेजमध्ये या दोन्हींचा उल्लेखच नाही.

आधी कॉलम व्हील. उभे खांब असलेलं हे छोटं चाक क्रोनोग्राफ चालू-बंद करायचा हुकूम देतं. कॅममध्ये तेच काम एकमेकांवर सरकणाऱ्या पट्ट्या करतात. कॉलम व्हील बनवायला महाग आणि त्याचं बटण सहसा मऊ लागतं. कॅमचं बटण जड. घड्याळ वेळ कशी दाखवतं याच्याशी या फरकाचा संबंध नाही. ओमेगानं १९६८ मध्ये स्पीडमास्टरमधलं कॉलम व्हीलचं ३२१ मशीन काढून कॅमचं ८६१ बसवलं. लेमानिया कंपनीचं ५१०० मशीन तर कॅमचं, शिवाय त्यात काही भाग प्लास्टिकचे; तरी जर्मन सैन्याच्या वैमानिकांसाठी तुटिमा कंपनीनं बनवलेल्या क्रोनोग्राफमध्ये तेच होतं.

उलट मेसेज ज्याला दुय्यम म्हणतो त्या सेइको ६१३९ मध्ये कॉलम व्हील आहे आणि व्हर्टिकल क्लचही (क्रोनोग्राफ वरून दाबून जोडणारा भाग). म्हणजे मेसेजचा पहिला मुद्दाच चौथ्याला खोडतो. आणि जपानी मागेही नव्हते: झेनिथनं जानेवारी १९६९ मध्ये एल प्रिमेरो जाहीर केलं, मार्चमध्ये ह्यूअर, ब्राइटलिंग आणि हॅमिल्टन-ब्यूरेन यांनी कॅलिबर ११ हे मशीन आणलं, आणि मे महिन्यात ६१३९ जपानी दुकानांत विकायला होतं. अंतराळवीर विल्यम पोग यांनी हेच घड्याळ स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकावर वापरलं. सिटिझनचं १९७२ चं ८११० पाहा: कॉलम व्हील, व्हर्टिकल क्लच, फ्लायबॅक (चालू असतानाच शून्यावर आणून पुन्हा सुरू करायची सोय), ताशी २८,८०० बीट. आणि एचएमटीची पहिली घड्याळं याच सिटिझनच्या सहकार्यानं बनली, हे आपण तरी विसरू नये.

बीटचं म्हणाल तर ३६,००० बीटचा एल प्रिमेरो सेकंदाचा दहावा भाग मोजू शकतो, हे खरंच. पण अचूकता वेगळी गोष्ट. तेल वाळलेलं ३६,००० चं मशीन नुकतंच सर्व्हिस झालेल्या २१,६०० च्या मशीनपुढे टिकणार नाही. रोलेक्सनं १९८८ मध्ये एल प्रिमेरो घेऊन स्वतःचं ४०३० बनवलं, तेव्हा बीट २८,८०० वर उतरवली. अचूकता फक्त वेगावर असती तर असं केलं नसतं.

मॉड्यूलबद्दल एवढंच: कॅलिबर ११ मध्ये मायक्रो-रोटरच्या (आपोआप चावी भरणारं छोटं फिरतं वजन असलेल्या) मूळ मशीनवर दुब्वा-देप्रा कंपनीचं क्रोनोग्राफ मॉड्यूल स्क्रूंनी बसवलेलं असतं. कारागिराला ते अख्खं बाजूला काढून खालचं मशीन साफ करता येतं. अडचण आहे ती भागांची.

आता शेवटचा मुद्दा, सर्वांत जास्त नुकसान करणारा. ६१३९ ला हातानं चावी देताच येत नाही. ते फक्त हातावरच्या हालचालीनं भरतं. मेसेजवर विश्वास ठेवणारा चांगलं घड्याळ बंद समजून खाली ठेवेल. सेइकोच्याच ६१३८ ला मात्र चावी देता येते.

आणि काटा पळाला म्हणजे काय झालं? क्रोनोग्राफ चालू करताना सेकंदकाट्याकडे लूप (भिंग) लावून बघा. व्हर्टिकल क्लचमध्ये काटा न उडता निघायला हवा. एल प्रिमेरोमध्ये दात दातात अडकताना किंचित उडी येऊ शकते, तो दोष नाही. मग अर्धा तास चालू ठेवा आणि मिनिटाचा काटा अडखळतो का ते बघा. टाइमग्राफर (घड्याळाची चाल मोजणारं यंत्र) असेल तर क्रोनोग्राफ बंद आणि चालू, दोन्ही वेळा अँप्लिट्यूड (बॅलन्स चाकाचा झोका) मोजा. चालू केल्यावर आकडा धाडकन पडला, तर आत घर्षण आहे. टाइमग्राफरमध्ये लिफ्ट अँगल (प्रत्येक मशीनचा ठरलेला कोन) त्या मशीनचाच घाला. वॅल्जू ७७५० या मशीनचा ४९ अंश असतो.

सेइकोत आणखी एक गोष्ट. मागच्या झाकणावरच्या सिरियलचा पहिला अंक म्हणजे वर्षाचा शेवटचा अंक, दुसरी खूण महिन्याची. झाकण १९७५ चं आणि डायलवर ‘वॉटर ७० एम प्रूफ’ लिहिलेलं, असं दिसलं तर थांबा. ‘प्रूफ’ हा शब्द सुरुवातीच्या डायलवरचा. नंतर ‘रेझिस्ट’ आला. अशा घड्याळाचं डायल रंगवलेलं किंवा दुसऱ्याचं असू शकतं. आपल्याकडे रंगवलेली डायलं सर्रास मिळतात.

सुट्या भागांचा हिशोब तर आधी करा. वॅल्जू ७७५० आजही बनतं, सेलिटा कंपनीचं एसडब्ल्यू५०० त्याच रचनेवर आहे, म्हणून ते उघडलेला कारागीर सापडतो. ६१३९ चा क्लच सहसा खोलत नाहीत, बिघडला तर अख्खा बदलतात, आणि तो दुसऱ्या मेलेल्या ६१३९ मधूनच काढावा लागतो. कॅलिबर ११ ची तीच गत. त्यामुळे पैसे देण्याआधी तुमच्या घड्याळवाल्याला मशीनचा नंबर सांगा आणि दोनच प्रश्न विचारा: हे तुम्ही आधी उघडलंय का, आणि भाग कुठून आणाल? दुसऱ्याचं उत्तर नसेल, तर एक बंद पडलेलं तसंच मशीन भागांसाठी घ्यायची तयारी ठेवा, आणि तो खर्च विक्रेत्याशी भाव करतानाच धरा.