फटीत काय भरायचं?

ठाण्यात घराचं काम काढलं की लोक फक्त 'लादी कुठली?' एवढंच विचारतात. कोटा म्हटलं की 'वा, गारवा राहतो हं' म्हणून मोकळे होतात. दोन लाद्यांच्या मधल्या फटीबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, आणि नवरा-बायकोची खरी भांडणं होतात ती तिच्यावरून.

सासूबाईंना मुळात फटच मान्य नव्हती. "आमच्या वेळी लाद्या एकमेकींना चिकटवून बसवायचे, वरून सिमेंटची स्लरी ओतायचे आणि मशीन फिरवायचे. ही भेग मुद्दाम ठेवायला पैसे कशाला द्यायचे?" मुद्दा बिनतोड होता. पण पॉलिशच्या मशीनने घरभर होणारा राखाडी चिखल, खालच्यांच्या छतावर उमटणारं ओलं आणि दुपारच्या आवाजावर टपून बसलेले आमचे सेक्रेटरी, या तिघांना तोंड द्यायची आमची तयारी नव्हती. म्हणून आयत्या पॉलिशच्या लाद्या आणल्या आणि मिस्त्रींनी स्पेसर लावून दोन-दोन मिलिमीटर जागा सोडली.

"वहिनी, पांढरं सिमेंट आणा. चिमूटभर काळा ऑक्साइड टाकतो, संध्याकाळपर्यंत सांधे भरून देतो," मिस्त्री म्हणाले. इथे विषय संपला असता. पण नवऱ्याने रात्रभर मोबाइलवर वाचन केलं होतं. दगड सच्छिद्र असतो, तो रंग पितो, आधी सीलर मारायलाच हवा, असं त्याने दात घासता घासता जाहीर केलं. लग्नात सुपारीला हात लावायच्या आधीही त्याने इतका अभ्यास केला नव्हता.

मग आम्ही घोडबंदर रोडवरच्या एका दुकानात गेलो. तिथल्या पोराने शेडकार्ड उलगडलं. ॲश, स्मोक, स्लेट, सिल्व्हर... चुलीसमोर जन्म काढलेल्या माझ्या आजीनेही राखेचे इतके प्रकार पाहिले नसतील. मी त्यातल्या एकावर बोट ठेवलं, तर तो म्हणाला, "मॅडम, सँडेड की अनसँडेड?" साधारण तीन मिलिमीटरच्या वरच्या सांध्याला वाळू मिसळलेलं ग्राउट (म्हणजे फटीत भरायचा माल) लागतं, नाहीतर ते सुकताना आक्रसून तडकतं. बारीक सांध्याला बिनवाळूचं चालतं, आणि पॉलिशच्या दगडाला तेच बरं, कारण वाळूने ओरखडे पडतात. हे त्याने इतक्या समजुतीने सांगितलं की मला त्याला घरीच घेऊन यावंसं वाटलं.

"आणि हळद-तेलाचे डाग नकोत तर सिमेंटऐवजी एपॉक्सीचं ग्राउट घ्या," म्हणत त्याने जी किंमत सांगितली, तिने नवऱ्याचा अभ्यास क्षणभर थांबला.

एपॉक्सीचं नाव काढताच मिस्त्रींचा चेहरा उतरला. रेझिन, हार्डनर आणि पावडर असं तीन जिन्नसांचं ते प्रकरण. एकदा कालवलं की घड्याळ सुरू. लादीवर राहिलेला पापुद्रा वेळेत पुसला नाही तर तो कायमचा पाहुणा. "मग ॲसिडने काढू," म्हणत मिस्त्रींनी पिशवीतून बाटली काढली आणि नवरा अक्षरशः आडवा पडला. कोटा म्हणजे चुनखडीचा दगड. ॲसिड पडलं की पॉलिश गेलंच. पटवून द्यायला त्याने तुटक्या लादीवर लिंबू पिळलं. थोड्या वेळाने पुसलं तर तिथे बोटाएवढा फिकट, निस्तेज डाग. मिस्त्रींनी तो अंगठ्याने घासून पाहिला, उजेडात तिरका धरून पाहिला आणि म्हणाले, "याला लिंबूसुद्धा बाधतं? मग घरात सरबत कसं करणार?"

शेवटी बाल्कनीत उरलेल्या तुकड्यांवर चाचणी झाली. अर्ध्यांना सीलर, अर्धे तसेच. सीलर न मारलेल्या तुकड्यांवर सांध्याच्या दोन्ही बाजूंनी काळसर किनार चढली, सुतकाच्या पत्राला असायची तशी. नवरा दिवसभर शीळ घालत होता. ओलं असताना गडद दिसलेलं सिमेंटचं ग्राउट सुकल्यावर असं फिकं पडलं की पुन्हा शेडकार्ड काढावं लागलं. सासूबाई प्रत्येक तुकड्यासमोर उभ्या राहून एकच विचारत होत्या, "पण यांत फरक काय आहे?"

हॉलला बिनवाळूचं सिमेंट ग्राउट आणि स्वयंपाकघराला एपॉक्सी असा तह झाला. एपॉक्सी कालवल्याबरोबर मिस्त्रींचा फोन वाजला. गावाकडून, जमिनीच्या वाटणीबद्दल. मिस्त्री कानाशी फोन धरून भावाला समजावतायत, नवरा मनगटावरचं घड्याळ दाखवतोय आणि मी लाद्या पुसतेय, असं आम्ही स्वयंपाकघर पार पाडलं. सांधे झकास झाले. उरलेला माल मात्र घमेल्यात असा बसला की थापी आतच राहिली. मिस्त्रींनी तिचे पैसे बिलात 'इतर' म्हणून लावले.

आता ओट्याचं ग्रॅनाइट आणि भिंत यांच्यामधली फट तेवढी राहिलीय. तिथे म्हणे ग्राउट चालत नाही, तडकतं, सिलिकॉन लागतं. तेही व्हिनेगरसारखा वास येणारं नको, न्यूट्रल हवं, कारण तो वास आम्लाचाच असतो. हे सगळं पाठ करून काल दुकानात फोन केला.

"देतो ना मॅडम," तो पोरगा म्हणाला. "शेड कुठली?"