आठ वर्षांच्या पोराला कळतं
‘मुलं कळती होईपर्यंत आईवडिलांच्या मानसिक आजाराचा विषय त्यांच्यापुढे काढू नये’ हे लेखातलं म्हणणं अजिबात पटलं नाही. माझ्या आईला बायपोलर आहे, म्हणजे कधी अतिउत्साह तर कधी खोल उदासी असा मनाचा आजार. मी तिसरीत असताना ती रात्री दोनला सगळी भांडी घासायला काढायची, नंतर आठ-आठ दिवस पलंगावरून उठायची नाही. मला उत्तर एकच, ‘आईला बरं नाहीये, शहाण्यासारखा वाग.’ मी वागत होतो. तरी ती उठेना, म्हणजे चूक माझीच, असा माझा सरळ हिशेब. (गणितात नापास झालो त्याच आठवड्यात तिला दवाखान्यात ठेवलं. झालं, पुरावाच मिळाला!)

शेवटी मामीने पोळ्या लाटता लाटता सांगितलं: हा आजार आहे, तुझ्यामुळे झालेला नाही, बरं करायचं काम डॉक्टरांचं. लिथियम हे तिचं औषध चालू असलं की मधूनमधून रक्त तपासतात, हे ऐकल्यावर तर ते आजीच्या शुगरसारखंच वाटलं. त्या वयाला एवढं पुरतं, निदानाचं नाव हवं तर नंतर सांगा. फक्त आईचं पुन्हा बिघडलं तर फोन कुणाला करायचा, हे मुलाला आधीच सांगून ठेवा. आता 14416 ही टेली-मानसची सरकारी हेल्पलाइन आहे. आमच्याकडे तेव्हा मामीचा नंबर होता, फ्रिजवर चिकटवलेला.