पेंग्विन, माकडटोपी आणि माझे गुडघे

"बाबा, शनिवारी फिलिप आयलंडला पेंग्विन बघायला जाऊ," मुलगा म्हणाला.

"पेंग्विन भायखळ्याला राणीच्या बागेत आहेत की. त्यासाठी मेलबर्नपर्यंत कशाला यायला हवं?"

"ते काचेमागचे. हे समुद्रातून चालत येतात, आपल्या घरी."

डिसेंबर म्हणजे इथला उन्हाळा, म्हणून मी हाफ शर्टात निघालो. एकशेचाळीस किलोमीटरवर समरलँड बीच. तिथं काँक्रीटच्या पायऱ्या, समोर बासची सामुद्रधुनी. वारा असा, की पलीकडचं टास्मानिया सोडून थेट अंटार्क्टिकाहून निघालाय आणि वाटेत त्याला अडवायला माझ्याखेरीज कोणी भेटलेलं नाही. बायकोनं न बोलता पर्समधून माकडटोपी काढली. तीस वर्षं मी जिची टिंगल केली, तीच टोपी. मीही न बोलता घातली.

इथं सूर्य पावणेनऊला मावळतो. तोवर मी चिवड्याची पुडी काढली, तर दोन सीगल येऊन समोर बसले. मुलानं पुडी काढून घेतली. मग मोबाइल काढला, तर मुलगा म्हणाला, "फोटोला बंदी आहे. फ्लॅशनं ते बिचकतात." आता आली का पंचाईत! सोसायटीच्या ग्रुपवर मी सकाळीच जाहीर केलं होतं. पुराव्याशिवाय आमच्याकडे वाढदिवससुद्धा मानत नाहीत.

मुलानं आणखी सांगितलं, की इथं पूर्वी बंगल्यांची वसाहत होती. सरकारनं १९८५ साली ठरवलं, एकेक घर विकत घेतलं, पाडलं आणि २०१० पर्यंत सगळी जागा पेंग्विनांना परत दिली. पंचवीस वर्षं लागली म्हणे. आमच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट अजून मीटिंगच्या चहापुढे गेलेलं नाही, त्यामुळे मला हा वेग भयंकर वाटला.

अंधारताना लाटेतून काहीतरी पांढरं उभं राहिलं. मग आणखी पाच-सहा. जेमतेम फूटभर उंची, किलोभर वजन. पाठ निळसर, पोट पांढरं. किनाऱ्यावर आले, थबकले. एक जण दोन पावलं पुढे झाला, मागे वळून पाहिलं, कोणी येत नाही म्हटल्यावर परत आला. सीगल ओरडला आणि सगळे धूम पाण्यात! पुन्हा वर, पुन्हा खल. लग्नात बुफे उघडल्यावर पहिली प्लेट कोणी उचलायची, यावर आमचे नातेवाईक असेच घुटमळतात. आणि एकदा एकानं उचलली की कशी झुंबड उडते, तेही तसंच. एक धीट निघाला आणि बाकीचे पोटं पुढे काढून, डुलत, त्याच्या मागोमाग. मी नकळत उभा राहून "चला, चला!" म्हणालो. मागून कोणीतरी इंग्रजीत खाली बसायला सांगितलं.

लाकडी वाटेवरून परतताना दोन्हीकडच्या बिळांतून कालवा चालू होता. एवढ्याशा जिवाचा आवाज म्हाताऱ्या गाढवासारखा. पिल्लं दिवसभराची भुकेली, आईबाप पोटातला मासा ओकून भरवणार. बायको म्हणाली, "बघा, बाहेरून आल्या आल्या स्वयंपाक!" मी टोपी आणखी खाली ओढली.

पार्किंगमध्ये पाटी: निघण्यापूर्वी गाडीखाली पाहा, पेंग्विन असू शकतो. मुलगा चावी शोधत होता. जबाबदार नागरिक म्हणून मी गुडघ्यांवर बसलो, मग हातांवर, मग आडवा. पेंग्विन नव्हता. उठायला गेलो, तर गुडघ्यांनी साफ नकार दिला.

टॉर्च घेऊन एक रेंजरबाई धावत आली. "पेंग्विन आहे का?" तिनं हळूच विचारलं.

"नाही," मुलगा म्हणाला, "वडील आहेत."