पुन्हा तेच 'विंचेरोऽऽ'!

ऑपेरा ऐकतो म्हटलं की समोरचा हात पसरून "विंचेरोऽऽ" करणारच, म्हणजे 'नेस्सुन दोर्मा' या गाण्याचा तो शेवटचा "मी जिंकेन!" अहो, १९९० च्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या फायनलच्या आदल्या संध्याकाळी रोममध्ये तीन टेनर (उंच पट्टीचे पुरुष गायक) एकत्र येऊन हेच गायले, मान्य. त्यातला पावारोत्ती मोठाच गवई, तेही मान्य. पण संगीतकार पुच्चिनीने तो वरचा सूर कागदावर निमिषभराचाच लिहिलाय हो! शिवाय 'तुरांदोत' या मूळ ऑपेरामध्ये तिथे टाळ्यांना जागाच ठेवलेली नाही, वाद्यवृंद थेट पुढे सरकतो. जलशात मात्र पुढचं छाटून, सूर ताणून, पांढरा रुमाल फडकवून टाळ्या वसूल! २००६ ला तुरीनच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तर पावारोत्तीने रेकॉर्डिंग लावून नुसते ओठ हलवले. बिनमाइकचं अख्खं थिएटर भरणारा गळा, आणि शेवटी हे? काल भाच्याने तीच रिंगटोन लावून दिली. माझ्याच फोनवर!