‘तोच पैसा थेट मुलांना का दिला नाही?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्रीच वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण तिच्यातलं निम्मं मला अजिबात पटलं नव्हतं आणि निम्मं जिव्हारी लागलं होतं. इतरांसाठी थोडक्यात सांगते. कर्णबधिर मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने निधी उभारण्यासाठी एक संध्याकाळ ठेवली होती. तिचं निमंत्रण, फिल्म, स्टेज, पडद्यावरचा मजकूर हे सगळं आमच्या एजन्सीने मोबदला न घेता केलं आणि मागच्या लेखात मी त्याबद्दल लिहिलं. त्यावर तुम्ही विचारलंत, “एवढा झगमगाट करण्यापेक्षा तोच पैसा थेट मुलांना दिला असता तर? आणि लोकांना रडवून पैसे काढणं ही काय मिरवण्याची गोष्ट आहे?”

आधी पैशाचं बोलू.

‘थेट मुलांना’ म्हणजे नेमकं काय द्यायचं? बहुतेकांच्या डोळ्यांसमोर यंत्र येतं. कॉक्लियर इम्प्लांटसाठी, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या ऐकण्याच्या यंत्रासाठी, देणगीदार त्या मानाने लवकर तयार होतो, कारण यंत्र दिसतं, त्याचा फोटो निघतो. पण शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी प्रोसेसर, म्हणजे यंत्राचा कानाबाहेरचा भाग, सुरू करतात, तेव्हा मुलाला फक्त आवाज कळायला लागतो. शब्द कळत नाहीत. दार आपटलं आणि आईने हाक मारली, यातला फरकसुद्धा त्याला शिकावा लागतो. पुढे मॅपिंगच्या फेऱ्या, म्हणजे यंत्राची पातळी त्या मुलाला मानवेल अशी पुन्हा पुन्हा बसवणं. शिवाय ऐकायला-बोलायला शिकवणाऱ्या थेरपिस्टसमोर बसून वर्षानुवर्षांचा सराव. मध्येच केबल तुटते, बॅटरी जाते, आणि ती बदलेपर्यंत त्या मुलाचं ऐकणं बंद. या सगळ्यात सगळ्यात मोलाची आहे ती थेरपिस्ट, आणि हिशेबात तिचं नाव येतं ‘पगार’ या रकान्यात. तो शब्द दिसला की लोक हात आखडता घेतात. मी बैठकीत समोर बसून हे पाहिलं आहे. ताळेबंद चाळणाऱ्या माणसाचं बोट बरोबर त्याच ओळीवर थांबतं.

ही अडचण एकट्या या संस्थेची नाही. अमेरिकेत स्वयंसेवी संस्थांची माहिती आणि मूल्यमापन देणाऱ्या गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तिघांनी २०१३ मध्ये देणगीदारांना खुलं पत्र लिहिलं होतं. व्यवस्थापनावर किती टक्के खर्च होतो, एवढ्यावरूनच संस्थेची लायकी ठरवू नका, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. देणगीदारांना माहिती पुरवणाऱ्यांनाच असं सांगावंसं वाटलं, यातच सगळं आलं.

तरीही तुमची शंका मी झटकून टाकत नाही. खर्च वजा जाता हातात फारसं काही उरलं नाही, असे कार्यक्रम मीही पाहिले आहेत. म्हणून आम्ही पहिल्याच बैठकीत एक अट घातली होती: सभागृह, ध्वनी, प्रकाश आणि छपाई यांचा खर्च उचलणारा एक देणगीदार आधी मिळू द्या, नाहीतर कार्यक्रम नको. ही कल्पना आमची नाही. २०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. सुमारे ४०,००० लोकांना देणगीचं आवाहन वेगवेगळ्या मजकुराने पाठवलं होतं. ज्यांना ‘व्यवस्थापनाचा खर्च आधीच कोणीतरी उचलला आहे’ असं कळवलं, त्यांच्याकडून नुसत्या आवाहनाच्या जवळजवळ तिप्पट रक्कम आली. आमच्या कार्यक्रमातही, हा खर्च एका देणगीदाराने उचलला आहे, हे स्टेजवरून पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं. तुम्ही ज्याला झगमगाट म्हणता, त्यातला एकही पैसा मुलांच्या वाट्यातून गेलेला नाही. मागच्या लेखात मी हे लिहायला हवं होतं. नाही लिहिलं, ही चूक माझी.

आता रडवण्याचं. इथे मला जास्त बोलायचं आहे.

फिल्मच्या पहिल्या रफ कटमध्ये, म्हणजे कच्च्या जोडणीत, एक शॉट होता. चार वर्षांच्या मुलीचा प्रोसेसर पहिल्यांदा सुरू होतो, ती दचकते, तिचा चेहरा वेडावाकडा होतो, डोळे भरतात आणि आई तिला छातीशी धरते. चौदा सेकंद. एडिटच्या खोलीत आम्ही सगळे गप्प झालो होतो. पैसे याच शॉटवर येणार, हे प्रत्येकाला कळत होतं, मलाही.

आमचा नियम आहे की फिल्ममध्ये जे दिसतात त्यांना ती आधी दाखवायची. त्या मुलीची आई आली, फिल्म पाहिली आणि म्हणाली, “ताई, ती आनंदाने नाही हो रडली. घाबरली होती ती. त्या रात्री झोपलीसुद्धा नाही.” थोडं थांबून म्हणाली, “उद्या ती मोठी होऊन हे बघेल ना.”

कागदावर तिची सही होती. संमतीपत्र व्यवस्थित होतं. पण आपण एका लेकराची भीती लोकांना आनंद म्हणून दाखवणार होतो, हे कळल्यावर त्या सहीला काय अर्थ राहतो? शॉट काढला. त्याऐवजी तीच मुलगी आता, थेरपिस्टसमोर बसून, ‘पाणी’ आणि ‘राणी’ यांत गोंधळते, चिडते, पुन्हा म्हणते आणि शेवटी बरोबर म्हणते, ते ठेवलं. सभागृहात त्या जागी लोक हसले. आई तिसऱ्या रांगेत बसली होती. तेव्हा, तुम्ही म्हणता तसं आम्ही रडवलं नाही, पण रडवण्याच्या अगदी काठावर होतो, आणि आमच्या शहाणपणामुळे नव्हे, तर त्या आईमुळे मागे फिरलो. तुमची प्रतिक्रिया मला लागली ती यामुळेच.

लेखात न लिहिलेली आणखी एक गोष्ट. फिल्म सुरू होताना आम्ही दिवे मंद केले आणि स्टेजच्या कडेला उभ्या असलेल्या खुणांच्या भाषेच्या दुभाषी अंधारात गेल्या. फिल्मवर सबटायटल होते, त्यामुळे तिथे निभावलं. पण फिल्म संपल्यावर निवेदिका बोलायला लागली तरी दिवे आले नाहीत. डावीकडच्या टेबलावर संस्थेचे मोठे झालेले कर्णबधिर विद्यार्थी होते. त्यातल्या एकाने मोबाइलचा टॉर्च लावून दुभाषींच्या हातांवर धरला. मिनिटभर तरी तो तसाच धरून उभा होता, आणि मी मागे कंट्रोलपाशी कानात हेडसेट घालून पुढच्या क्यूची, म्हणजे दिवे-आवाज बदलण्याच्या इशाऱ्याची, वेळ मोजत होते. ज्यांच्यासाठी ही संध्याकाळ होती, त्यांनाच आम्ही तेवढा वेळ बाहेर ठेवलं. दुसऱ्या दिवशी जाऊन त्याची माफी मागितली.

एजन्सीचं नाव झालं, हेही तुम्ही म्हटलंत. झालं, खरं आहे. फुकट केलेल्या कामाचं एजन्सीला काहीच मिळत नाही, असा दावा मी कधी करणार नाही. मला काळजी वेगळी वाटते: फुकट कामाला ‘हे बदला’ म्हणायला संस्था कचरते. म्हणून आम्ही बिलाची रक्कम लिहून त्यावर पूर्ण सूट दाखवतो आणि दुरुस्त्यांच्या फेऱ्या पैसे देणाऱ्या क्लायंटइतक्याच ठेवतो.

त्या संध्याकाळी दर महिन्याला देणगी द्यायचं कबूल करून बऱ्याच जणांनी कार्ड भरली. त्यातले वर्षभराने किती टिकले, ते मी इथेच लिहीन, आकडा वाईट असला तरी. पुढच्या वर्षीची क्यू शीट, म्हणजे अशा इशाऱ्यांची यादी, आता संस्थेतलीच दोन मुलं बनवताहेत. त्यांनी पाठवलेल्या पहिल्या खर्ड्यात ओळ क्रमांक एक आहे: ‘दुभाषींवरचा दिवा शेवटपर्यंत चालू.’