प्लंबरच्या पाइपाने रोल केज होत नाही, बाबांनो

‘घरच्या गॅरेजमध्ये दोन लाखांत ट्रॅक कार’ (म्हणजे रेसिंग ट्रॅकवर पळवायची गाडी) नावाचा एक फॉरवर्ड सध्या गाड्यावाल्या सगळ्या ग्रुपांत फिरतोय. मी दुर्लक्ष करत होतो, पण परवा तो भाच्याकडून आला, खाली लिहिलेलं ‘मामा, आजोबांची पद्मिनी तशीही उभीच आहे ना?’ आणि सोबत पाइपाचं कोटेशन. म्हणजे पोरगं हार्डवेअरच्या दुकानात जाऊन पण आलं! आता गप्प बसणं शक्य नाही.

फॉरवर्ड काय म्हणतो ते थोडक्यात. जुनी पद्मिनी घ्या, तिला व्हिंटेज नंबर लावा म्हणजे आरटीओ विचारत नाही, आतलं सगळं काढून वजन कमी करा, मारुती एस्टीमचं इंजिन बसवा, दीड इंची जीआय (जस्ताचा थर दिलेल्या, नळाच्या) पाइपाचा रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर छत चेपू नये म्हणून आत बसवायचा सांगाडा, करा, ब्रेकला हात लावू नका कारण गाडी हलकी आहे, आणि पहाटे अटल सेतूवर टेस्ट करा. शेवटी तिरंगा आणि ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

आधी ‘घरचं गॅरेज’. मुंबईत कोणाकडे असतं हो? आपल्याकडे असतं ते सोसायटीचं स्टिल्ट पार्किंग, बाजूला वीस स्कूटर, वर पहिला मजला. तिथे ग्रायंडर लावून पेट्रोलची टाकी उतरवणार? पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते, ठिणगी लांब उडाली तरी पुरते. गाडी उचलायला पेव्हर ब्लॉक वापरा असंही त्यात लिहिलंय. ब्लॉकला तडा गेला की तो सांगून फुटत नाही. जॅक लावल्यावर खाली धड लोखंडी स्टँड हवेत, नसतील तर गाडीखाली शिरू नका, विषय संपला.

आता त्या रोल केजकडे येऊ, कारण माझं डोकं तिथेच सटकलं. शब्दशः लिहिलंय की ‘कोपऱ्यांना रेडीमेड एल्बो वापरा, बेंडिंगचा खर्च वाचतो’. एल्बो! बाथरूमची लाइन टाकतोय का आपण? एल्बो बसवायला पाइपावर आटे पाडावे लागतात आणि आटे पाडले की तिथली भिंत कापली जाते, म्हणजे गाडी उलटल्यावर ज्या कोपऱ्यांवर सगळा भार येणार तेच सगळ्यात कच्चे.

एफआयए, म्हणजे मोटर रेसिंगची जागतिक संघटना, तिच्या नियमांत, अपेंडिक्स जे, कलम 253 मध्ये, केजचं सगळं लिहून ठेवलंय, नेटवर कोणालाही वाचता येतं. पाइप कोल्ड ड्रॉन सीमलेस, म्हणजे बिनजोडाचा, कार्बन स्टीलचा, सीटमागची मुख्य कमान किमान 45 मिमी व्यास आणि 2.5 मिमी जाडी, किंवा 50 मिमी आणि 2 मिमी. आता कोणीतरी शहाणा म्हणेल की दीड इंची मिडियम जीआय पाइप बाहेरून 48 मिमी भरतो आणि भिंत 3 मिमीच्या वर, मग जास्तच झालं की. हो, आकड्यात जास्त आहे, मान्य. पण तो पाणी वाहून न्यायला केलेला, वेल्ड करून वळवलेला पाइप आहे, आत बोट घालून बघा, जोडाची उभी कड लागते. मुंबईतल्या नाक्यावरच्या बेंडरवर वाकवला की वळणाच्या आतल्या बाजूला चपटा होतो, सुरकुत्या पडतात. वर जस्ताचा थर, तो नीट घासून न काढता वेल्डिंग केलं तर टाक्यात बारीक भोकं राहतात आणि तो धूर छातीत गेला की वेल्डरला त्याच रात्री थंडी वाजून ताप.

आणि केज उभा कशावर करणार? त्याच कलमात आहे की प्रत्येक पायाखाली बॉडीला किमान 3 मिमी जाड आणि 120 चौरस सेंटिमीटरची प्लेट वेल्ड केलेली हवी. फॉरवर्डात प्लेटचा उल्लेखच नाही, ‘फ्लोअरला टाका मारा’ एवढंच. मॅट उचलून पाहिलंय का कधी जुन्या पद्मिनीचं फ्लोअर? आमच्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाखाली स्क्रूड्रायव्हर टेकवला तर आरपार गेला. चार पावसाळे ताडपत्रीखाली काढलेला पत्रा तो, गाडी उलटली की पाइप त्यातून खाली घुसणार आणि छत डोक्यावर येणार. शिवाय अशी गाडी हेल्मेट न घालता गावात फिरवलीत तर छोट्याशा धडकेतही कानाशेजारचा तो पाइप डोकं फोडतो. नसलेला केज या असल्या केजपेक्षा बरा, हे मी रागाने नाही, विचार करून म्हणतोय.

ब्रेकचं आता. पद्मिनी 900 किलोच्या आसपास, हलकी आहे, खरंय. पण चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि हे लोक 40 बीएचपीच्या जागी 85 बीएचपीचं इंजिन टाकायला सांगतात. वेग दुप्पट झाला की थांबवताना जिरवायची ऊर्जा चौपट होते. ड्रम तापला की फुगतो, आतून त्याला दाबणाऱ्या लायनरपासून लांब जातो, पेडल खाली-खाली जायला लागतं. खंडाळ्याचा घाट ज्यांनी पद्मिनीतून उतरलाय त्यांना विचारा, आमचे बाबा सेकंड गिअरमध्येच उतरवायचे आणि जळका वास आला की गाडी बाजूला. वर जुनं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, मुंबईच्या हवेत तर विचारूच नका. डॉट 3 प्रतीचं ऑइल नवं असताना 205 अंशाला उकळतं, पाणी शोषल्यावर 140 ला. उकळलं की लाइनमध्ये वाफ, आणि पेडल सरळ मॅटला टेकतं. इंजिनाच्या आधी पुढे डिस्क ब्रेक, नवे पाइप, नवं ऑइल, हा क्रम आहे.

व्हिंटेज नंबरचं तर उलटंच आहे. जुलै 2021 च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली गाडीच व्हिंटेज, आणि तीही मूळ रूपातली, चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली. म्हणजे एस्टीमचं इंजिन टाकलंत की नंबर गेला. आमची गाडी 1986 ची, तिला अजून वेळच आहे. साध्या आर.सी.वर परवानगी न घेता बदल केलात तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आणि 2019 पासून 182अ खाली प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

एक गोष्ट बरोबर लिहिलीय, नाइलाजाने कबूल करतो. मागची सीट, कार्पेट, डांबराचा थर काढला तर गाडी खरंच चपळ होते आणि फुकटात होते. आणि पार्ट अजूनही मिळतात, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दोन-चार दुकानं पालथी घातली की कोणीतरी आतून काढून देतोच.

अटल सेतूबद्दल काय बोलणार! 100 ची मर्यादा, जागोजागी कॅमेरे, आणि सार्वजनिक रस्त्यावर वेगाची चाचणी म्हणजे कलम 189. खरा ट्रॅक हवा तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, कोइम्बतूरच्या करीला किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्धला, तिन्ही मुंबईपासून हजार किलोमीटरच्या पलीकडे, आणि अशी गाडी तिथे फ्लॅटबेड ट्रकवर चढवूनच न्यावी लागते. भाच्याला म्हटलं, त्या दोन लाखांच्या यादीत हे भाडं कुठे धरलंय ते दाखव. त्याने यादी दोनदा वर-खाली केली. स्टिकरचे चार हजार धरलेले, ट्रान्सपोर्टची ओळच नव्हती.